भिंतीपलीकडचं बटण

"मी बटन सोडलं हुतं."

पिरामामा हे एकच वाक्य बोलत होता. आप्पासोला उचलून जीपमध्ये घातलं. त्याच्या पायातला बूट कापताना चामड्याबरोबर आणखी काय काय सुटून आलं ते आम्ही चौघांनी बघितलं. जीप गेटबाहेर गेली, जमिनीवर सांडलेलं लोखंड लालाचं काळं पडत आलं, तरी मामा तिथंच उभा राहून कुणाला तरी सांगत होता, "मी बटन सोडलं हुतं. क्रेन हुबी हुती."

सोमवार होता, सकाळचे सव्वाअकरा. कोल्हापूरजवळच्या एमआयडीसीतली आमची फाउंड्री. मी तिथला इलेक्ट्रिशियन, भूपाल मगदूम. तेव्हा चौतीस वर्षांचा होतो आणि माझ्या जिभेला हाड नव्हतं. आतासुद्धा फारसं आहे असं नाही.

पिराजी सुताराला सगळी फाउंड्री मामा म्हणायची. सव्वीस वर्षं तो क्रेनवर होता. आधी वर केबिनमध्ये बसून चालवायचा. मग रिमोट आला, तेव्हा खाली उतरला आणि कमरेच्या पट्ट्याला रिमोट अडकवून क्रेनच्या मागं मागं चालायला लागला. लेडल म्हणजे आमची ती भली मोठी बादली, तीनशे किलो वितळलेलं लोखंड मावणारी. ती साच्यांवरून मामा अशी न्यायचा की पंगतीत वाढपी आमटी वाढतोय असं वाटावं. लेडलचं चाक फिरवून ती कलती करायची आणि साच्यात लोखंड ओतायचं, हे काम आप्पासो खोताचं. अकरा वर्षं दोघांची जोडी. मामानं क्रेन थांबवायची, मान हलवायची, मग आप्पासोनं चाक फिरवायचं. त्या सकाळी मामानं मान हलवली, आप्पासोनं चाक फिरवलं, आणि उभी असलेली क्रेन पूर्वेला हिसका मारून दोन हात सरकली. मामानं लाल बटण दाबलं तेव्हा ती थांबली. तोवर आप्पासोच्या डाव्या बुटात लोखंड शिरलं होतं.

हेर्लेकर साहेब, आमचे मॅनेजर, कागद घेऊन खाली आले. माणूस वाईट नव्हता, पण कागदाबाहेरचं काही त्याला दिसायचं नाही.

"पिराजी, रिमोट द्या इकडं. चौकशी होईपर्यंत घरी बसायचं."

"सायेब, मी बटन सोडलं हुतं."

"मग क्रेन काय आपोआप चालली?"

"आपोआपच चालली म्हणायची."

"असं पोलिसांना सांगणार आहात का? हलगर्जीपणाचा गुन्हा दाखल होईल तुमच्यावर. नीट विचार करून बोला."

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "साहेब, सव्वीस वर्षांत ह्या माणसानं एक थेंब सांडलेला नाही. आणि तुम्ही दहा मिनिटांत त्याला गुन्हेगार करून मोकळे?"

"भूपाल, तू इलेक्ट्रिशियन आहेस, वकील नाहीस. क्रेनमध्ये फॉल्ट असेल तर दाखव. बुधवारी दुपारी माझा रिपोर्ट जाणार. त्याच्या आत दाखवलास तर ठीक."

मामानं कमरेचा पट्टा सोडला. रिमोट माझ्या हातात दिला. मी म्हणालो, "मामा, घरी जावा. कुणाचं पाप असंल ते असू द्या. तुमच्या पायाशी आणून टाकतो त्याला."

"पायाशी नको," मामा म्हणाला. "फकस्त खरं काय ते कळू दे."

दुपारभर मी क्रेन पिंजून काढली. ब्रेक बघितले, मोटर बघितली, एकेक वायर ओढून बघितली. शेवटी रिमोट उघडला. आत आठ बारकी खटकी असतात, नखानं वर-खाली करायची. कुठली वर आणि कुठली खाली, यावरून तो रिमोट कुठल्या फ्रिक्वेन्सीवर बोलणार आणि कुठली क्रेन त्याचं ऐकणार ते ठरतं. आठही खटकी जागच्या जागी होती, माझे लाल टिपके होते तसेच. मला सवयच होती, कुठलंही सेटिंग केलं की बायकोच्या नेलपॉलिशचा बारका टिपका द्यायचा, म्हणजे कुणी हलवलं तर कळावं. मीटरमध्ये, स्टार्टरमध्ये, पॅनेलमध्ये, जिथं तिथं भूपालचे टिपके. लोक चेष्टा करायचे, मगदूम हळदीकुंकू करून आला म्हणायचे.

क्रेनमध्ये काहीच बिघाड नव्हता. तेव्हाच मला राग यायला लागला होता. बिघाड सापडला असता तर बिघाडावर काढला असता. आता काढायला कुणीच नव्हतं.

संध्याकाळी दवाखान्यात गेलो. आप्पासोची तीन बोटं काढली होती. पाय पांढऱ्या कापडात गुंडाळून उशीवर ठेवला होता. त्याची बायको बाहेर बाकावर बसली होती, ती माझ्याकडं बघून उठलीसुद्धा नाही.

"मामानं न्हाई केलं," आप्पासो म्हणाला. "मी त्येच्या हाताकडं बगूनच चाक फिरवतो. अंगठा बटनावर नव्हताच."

"मी सांगितलं हेर्लेकरला. म्हणतो, अकरा वर्षांची जोडी, दुसरं काय बोलणार."

"मग कुणी केलं, भूपाल?"

"शोधतो. आणि घावला की सोडत न्हाई बग त्याला."

"सोडू नको," तो म्हणाला आणि त्यानं डोळे मिटले.

मंगळवारी ओतकाम बंद होतं. मी एकटाच क्रेन चालू करून खाली बसलो होतो. रिमोट समोर टेबलावर होता, माझे दोन्ही हात चहाच्या पेल्याला. साडेदहा वाजले असतील. वरची क्रेन खडखडली आणि पूर्वेला सरकली. थांबली. परत सरकली. परत थांबली. अगदी कुणीतरी बटण दाबून बघतंय आणि चिडतंय, तशी.

चहा सांडला. मी कान देऊन ऐकलं. भिंतीपलीकडं कुणीतरी ओरडत होतं, "ह्येच्यातबी जीव न्हाई रं! बॅटरी नवी घातली तरी चालंना!"

आता ही भिंत सांगितली पाहिजे. आमची फाउंड्री म्हणजे मुळात एकच लांबलचक शेड. दोघा भावांची. नऊ वर्षांपूर्वी भाऊ भांडले आणि शेडच्या मधोमध पत्र्याची भिंत उभी राहिली. अलीकडची धाकट्या मालकांची, ती आमची. पलीकडची थोरल्यांची. दोघं एकमेकांचं तोंड बघत नव्हते. पलीकडच्या माणसाशी बोललेलं दिसलं तरी नोकरीवर गदा. पण फाउंड्री अशी चालत नाही. भट्टी पेटलेली असताना फ्यूज उडाला तर मालकाचं भांडण कुरवाळत बसायला वेळ नसतो. म्हणून वाळूच्या ढिगामागं एक पत्रा आम्ही खालून उचलून ठेवला होता. त्या फटीतून इकडचं तिकडं जायचं. फ्यूज, बेअरिंग, ग्रीसचा डबा, एकदा तर अख्खा रिमोट. पलीकडचा इलेक्ट्रिशियन दस्तगीर मुल्लाणी आणि मी, आम्ही दोघं त्या फटीचे कारभारी. नियम दोनच. जसं नेलं तसं परत द्यायचं, आणि फटीचं नाव मालकांपुढं मेलं तरी काढायचं नाही.

त्या क्षणी मला सगळं लख्ख दिसलं, म्हणजे मला तसं वाटलं. पलीकडच्या क्रेनचा रिमोट आमच्या फ्रिक्वेन्सीवर होता. ते त्यांचं बटण दाबत होते, त्यांची क्रेन ढिम्म हलत नव्हती, म्हणून आणखी जोरात दाबत होते. आणि इकडं आमची क्रेन चालत होती. सोमवारी सव्वाअकरालाही हेच झालं असणार.

या लहरींचं कसं असतं ते थोडक्यात सांगतो. हवा सगळ्यांची, पण हवेतल्या लहरी सरकारच्या. टीव्हीला एक पट्टा, मोबाइल कंपन्यांना एक, पोलिसांच्या वॉकीटॉकीला एक. प्रत्येकाला कागदावर नेमून दिलेला, लायसन घेतल्याशिवाय दुसऱ्याच्या हद्दीत पाय टाकायचा नाही. पण त्या मोठ्या पट्ट्यांच्या मध्ये एक बारकी चिंधी मोकळी सोडलीय, चारशे तेहतीस मेगाहर्ट्झच्या आसपास. लायसन नको, अर्ज नको. ताकद कमी ठेवा आणि वापरा. गाडीच्या चाव्या, गेटचे रिमोट, क्रेनचे रिमोट, सगळी जनावरं त्या गायरानात. आणि गायरानात एकाच्या म्हशीनं दुसऱ्याच्या म्हशीला शिंग लावलं तर तक्रार ऐकायला कुणी नाही. आपलं आपण बघायचं. म्हणून तर आत ती आठ खटकी असतात. शेजाऱ्याची एक जुळणी, तर आपली दुसरी. हे कळणारी माणसं दोन्ही शेडमध्ये मिळून दोनच होती, मी आणि दस्तगीर.

म्हणून माझं टाळकं सणकलं. दस्तगीरला हे कळतं, आणि तरी त्याच्या शेडमध्ये आमच्या जुळणीचा रिमोट? थोरल्यांनी मुद्दाम करायला लावलं असणार. नऊ वर्षांचं वैर. आमचं ओतकाम बिघडवायचं, ऑर्डर पळवायची. आप्पासोची बोटं गेली ती ह्यांच्या भाऊबंदकीत. मला दुसरं काही सुचलंच नाही. राग आला की माझं हे असं होतं, एक रस्ता दिसतो आणि त्याच रस्त्यानं मी बैलासारखा सुटतो.

मी वाळूच्या ढिगामागं गेलो आणि पत्र्यावर लाथ घातली. फटीतून दस्तगीरचा चेहरा दिसला. घामाघूम झालेला.

"भूपाल, बरं झालं आलास. जरा ऐक."

"ऐकू? काय ऐकू? आप्पासोचा पाय बघून आलास काय तू?"

"त्येच सांगतोय. त्यो रिमोट मी आत्ताच उघडला. आमचा मेन रिमोट सोमवारी पडून फुटला, म्हणून कपाटातला काडला, आनि त्यात..."

"आणि त्यात आमचं सेटिंग हाय. म्हाईत हाय मला. आता तुझं तू तुझ्या मालकाला सांग आणि मालकाला पोलिसांना सांगाय सांग."

"भूपाल, माझं पुरतं ऐकून तर घे."

"तुझं काय ऐकायचं? तिकडं मामा गुन्हेगार म्हणून घरात बसलाय," मी म्हणालो आणि पत्रा पायानं दाबून बंद केला. पलीकडून त्यानं दोनदा पत्र्यावर टकटक केली. मी गेलो नाही.

मी थेट हेर्लेकर साहेबांकडं गेलो. त्यांचा विश्वास बसेना. मग धाकट्या मालकांकडं गेलो. त्यांचा मात्र लगेच बसला. भावाचं नाव आलं की त्यांचा कशावरही बसायचा. संध्याकाळपर्यंत निरोप इकडून तिकडं गेले, वकिलाचा फोन झाला, आणि ठरलं की बुधवारी अकरा वाजता थोरल्यांनी तो रिमोट घेऊन आमच्या शेडमध्ये यायचं आणि सगळ्यांसमोर सोक्षमोक्ष लावायचा. मामालाही बोलावलं. मी मुद्दाम त्याच्या घरी जाऊन सांगून आलो, "मामा, उद्या इस्त्रीची कापडं घालून या. उद्या तुमचा दिवस हाय."

बुधवारी सकाळी गेटबाहेर दस्तगीर उभा होता. माझ्या मोटरसायकलला हात करत म्हणाला, "भूपाल, आत जायच्या आधी दोन मिंटं." मी गाडीचा वेग वाढवला. आरशात तो रस्त्याच्या मधोमध उभा दिसला.

अकराला सगळे जमले. नऊ वर्षांनी दोघं भाऊ एका छपराखाली, दोघांमध्ये दहा हात अंतर, दोघंही क्रेनकडं बघत. भट्टीवरची, साच्यावरची सगळी माणसं कामं टाकून उभी. मामा पांढऱ्या सदऱ्यात, टोपी घालून, एका कडेला. दस्तगीर थोरल्यांच्या मागं, हातात तो रिमोट.

हेर्लेकर साहेबांनी आमचा रिमोट स्वतःच्या हातात धरला, बॅटरी काढून. "दाबा," ते म्हणाले.

दस्तगीरनं बटण दाबलं. आमची क्रेन पूर्वेला सरकली. त्यानं सोडलं, ती थांबली. परत दाबलं, परत सरकली. माणसांच्या तोंडून आवाज निघाला. मामानं टोपी काढून डोळ्यांवर धरली.

मी मामाकडं बघत होतो आणि माझी छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू.

"म्हणजे पिराजी खरं बोलत होता," हेर्लेकर म्हणाले. "माझी चूक झाली. मी तसं लिहून देतो."

तिथं थांबलो असतो तर. पण मी थांबणारा माणूस नव्हतो.

"तेवढ्यावर भागत न्हाई साहेब," मी म्हणालो, सगळ्या शेडला ऐकू जाईल अशा आवाजात. "मामाचा दोन दिवस सगळ्यांपुढं पंचनामा झाला. आप्पासो आयुष्यभर लंगडणार. हे कुणीतरी हातानं केलंय. रिमोट उघडून, खटकी बघून, आमच्या जुळणीला लावलाय. हे चुकून होत न्हाई. ज्यानं केलं त्याला पोलिसांत द्या. नोकरीवरनं काढा. असल्या माणसाच्या हातावर मेटल ओतलं पाहिजे."

"माझ्या शेडमध्ये असलं कुणी करत नाही," थोरले मालक म्हणाले.

"तुमच्या कपाटातला रिमोट, तुमच्या माणसाच्या हातात," धाकटे म्हणाले. नऊ वर्षांत भावाशी बोललेलं हे त्यांचं पहिलं वाक्य.

"उघडा की मग," मी म्हणालो. "उघडून दाखवा सगळ्यांना."

दस्तगीरनं माझ्याकडं बघितलं. विनवणी नव्हती त्याच्या नजरेत, रागही नव्हता. खिशातनं स्क्रू ड्रायव्हर काढून त्यानं चार स्क्रू सोडले आणि झाकण बाजूला केलं. हेर्लेकर साहेब पुढं झाले, मीही पुढं झालो.

आत आठ खटकी होती. प्रत्येकाच्या डोक्यावर एक लाल टिपका होता.

कार्तिक महिना आठवला. आमचा रिमोट भर ओतकामात बंद पडला होता. लेडल भरलेली, अधांतरी लटकलेली, आतलं लोखंड गार व्हायला लागलेलं. मी फटीपाशी बोंब मारली होती आणि दस्तगीरनं त्यांच्या कपाटातला जादाचा रिमोट काढून दिला होता. मी तो उघडला, खटकी आमच्यासारखी केली, हाताला लागलेली सवय म्हणून टिपके दिले, आणि ओतकाम वाचवलं. दोन दिवसांनी आमचा दुरुस्त होऊन आला. दस्तगीर त्या दिवशी रजेवर होता. मी रिमोट फटीतून त्यांच्या वॉचमनकडं दिला आणि मनात म्हटलं, उद्या दस्तगीरला सांगू, खटकी पहिल्यासारखी कर म्हणून. तो उद्या आलाच नाही. जसं नेलं तसं परत द्यायचं, हा नियम मीच दहा जणांना शिकवला होता. सहा महिने तो रिमोट पलीकडच्या कपाटात माझ्या टिपक्यांसह पडून होता.

"हे लाल काय आहे?" हेर्लेकरांनी विचारलं.

साहेबाला टिपके माहीत नव्हते, मालकांना नव्हते. बाकी शेडमधली माणसं लांब उभी होती, त्यांना आतलं दिसत नव्हतं. दिसत होतं ते तिघांनाच, साहेबाला, दस्तगीरला आणि मला.

"कपाटाची किल्ली तुझ्याकडं असते," थोरले मालक दस्तगीरला म्हणाले. "तू केलंस?"

"किल्ली माझ्याकडंच असते, मालक," दस्तगीर म्हणाला. एवढंच म्हणाला. फटीचं नाव त्यानं काढलं नाही.

"मग चल पोलिसांत. मीच नेतो तुला."

मामा पुढं झाला. त्यानं रिमोटमध्ये वाकून बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, बराच वेळ. मग हेर्लेकरांना म्हणाला, "सायेब, ती सप्लायरची निशानी असंल. कारखान्यातनंच तसा आला असंल."

दोन दिवस खरं बोलून ज्याच्यावर कुणी विश्वास ठेवला नव्हता, तो माणूस माझ्यासाठी खोटं बोलत होता.

मी गप्प होतो. किती वेळ ते सांगता येणार नाही, पण गप्प होतो, हे खरं आहे. सप्लायरवर जाऊ दे, असं माझ्या मनात येऊन गेलं, हेही खरं आहे. दस्तगीरनं झाकण लावायला घेतलं. त्याची बोटं स्क्रू धरत होती आणि स्क्रू निसटत होता.

"ते टिपके माझे हायत," मी म्हणालो.

"काय?" हेर्लेकर म्हणाले. माझा आवाज इतका बारीक कुणी कधी ऐकलाच नव्हता. मला ते दुसऱ्यांदा म्हणावं लागलं, मोठ्यानं, आणि मग कार्तिकातलं सगळंच सांगावं लागलं. फटीसकट.

पुढचं पटकन सांगून टाकतो. मला त्याच दुपारी काढलं. पोलिसांत माझा जबाब झाला, केस झाली, ती चार वर्षं चालली. मामा परत क्रेनवर गेला. पण दस्तगीरलाही थोरल्यांनी काढलं, फटीतून वस्तू दिली म्हणून. दोघा भावांचं एका गोष्टीवर मात्र एकमत झालं, फट वेल्डिंग करून बंद करायची. गेटबाहेर दस्तगीर सायकलला कुलूप काढत होता. मी त्याच्यापाशी गेलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

"दोनदा सांगाय आलो हुतो," तो म्हणाला. "बंद दाराआड सांगितलं असतं तर दोगांनी मिळून कायतरी केलं असतं. सप्लायरवर ढकललं नसतं, मालकापत्तुर नेलं नसतं. सरळ सायबाला गाटून सांगितलं असतं, चूक झाली म्हणून. तू ऐकलंच न्हाईस."

"दस्तगीर..."

"आता नको," तो म्हणाला आणि सायकलवर बसला.

मामा माझ्यासाठी थांबला होता. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही. म्हणाला, "दवाखान्यात जा. त्येला दुसऱ्याकडनं कळाय नको."

उन्हं उतरत होती तेव्हा मी दवाखान्यात पोहोचलो. आप्पासो उशीला टेकून बसला होता. बायको त्याला मोसंबी सोलून देत होती. मला बघून तो सावरून बसला.

"घावला?"

"घावला."

"कोन?"

मी सांगितलं. एक शब्द गाळला नाही. त्याच्या बायकोच्या हातातली मोसंबीची फोड तशीच राहिली. आप्पासो माझ्याकडं बघत नव्हता, स्वतःच्या पायाकडं बघत होता, त्या पांढऱ्या कापडाकडं. मला वाटलं तो ओरडेल, शिवी देईल. दिली असती तर बरं झालं असतं. मी पाया पडायला वाकलो, तर त्यानं चांगला पाय आखडून घेतला.

"तू म्हनला हुतास," तो म्हणाला, "घावला की सोडत न्हाई."

"व्हय."

"मग सोडू नको त्येला."

तो भिंतीकडं तोंड करून आडवा झाला. त्याच्या बायकोनं ताटली उचलली आणि माझ्यासाठी दार उघडून धरलं.

अठरा वर्षं झाली त्याला. मी नाही सोडलं.